पहिला झेंडा आणि कलोलोच्या शिव्या

१२ ऑक्टोबर

आज भर बाजारात स्कोला ओरडली, "अगं बायांनो, सरका, माझा नवरा आलाय. अर्धाच शिकलाय, पण उरलेला अर्धा मी शिवून घेईन." टोमॅटोवाल्या हसून हसून कलंडल्या. मी मोटरसायकल तिच्या शिवणयंत्रापाशी लावली आणि म्हणालो, "लढाईतून पळालेल्यांची पोर कोण नांदवणार?" ती म्हणाली, "पळाले कोण, तुमचे की आमचे? तुमच्या पणजोबाची ढाल आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून आहे अजून."

मग मी तिला घरी सोडलं. भाडं देत नाही ती कधी. मागे बसून वाटभर शिव्या घालते. लिकोंगाच्या उतारावर माझा खांदा धरते. ती उताराला घाबरत नाही, हे मला माहीत आहे.

दार-ए-सलामला कॉलेजात असताना वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या पोराला मी हे नातं समजावून थकलो होतो. आम्ही न्गोनी जमातीचे, ते हेहे. कधीकाळी एकमेकांची डोकी फोडून दमले आणि ठरवलं, यापुढे फक्त तोंडाने फोडायची. तेव्हापासून ते आमचे मतानी. मतान्याने काहीही बोलावं, ताटातला तुकडा उचलावा, मयताला येऊन मेलेल्याची नक्कल करावी, खड्डा त्यानेच खणावा, त्यानेच बुजवावा. रागवायचं नाही. रागावला तो माणसातून उठला. तो पोरगा म्हणाला, "म्हणजे ती तुला नवरा म्हणते ती थट्टा आहे." मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही.

जूनमध्ये, परीक्षा तोंडावर असताना, तिचा निरोप आला होता: "नवरोबा, परत ये, तुझ्या बायकोला डास खातायत." मी त्याच दिवशी बस पकडली. मला दारात बघून ती म्हणाली, "अरे, तू इथे कसा?" लाजली असणार.

१९ ऑक्टोबर

बाबूंचा खोकला वाढलाय. माझ्या आजोबांना आता उठून बसायलाही मी लागतो. आमच्याकडे आजोबांना, कुठल्याही म्हाताऱ्याला, बाबूच म्हणतात. दुपारी कलोलो म्हातारा आला. स्कोलाचा आजोबा. दारातूनच ओरडला, "अजून मेला नाहीस? मी फावडं धुवून ठेवलंय."

बाबू म्हणाले, "तुझ्या हातचा खड्डा वाकडा येतो. म्हणून थांबलोय."

"वाकड्या माणसाला सरळ खड्डा कशाला? आणि ऐक, जाण्याआधी माझ्या आईचं कापड दे, चोरा."

बाबू हसले. इतके हसले की खोकल्याने निळे पडले. मी म्हाताऱ्याला बाहेर घालवायला निघालो, तर बाबूंनी माझा हात धरला.

हे "आईचं कापड" ऐकत मी मोठा झालो. दरवर्षी आठ डिसेंबरला, संध्याकाळी, लिकोंगाच्या चौकात बाबू झेंडा चढवतात. स्वातंत्र्याच्या रात्री राजधानीत झेंडा चढला मध्यरात्री. आमच्या लिकोंगात त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत चढला. एका तरुण कारकुनाला धीर धरवला नाही, गोऱ्या साहेबाची भीती वाटली नाही, म्हणून. तो कारकून म्हणजे बाबू. शाळेत आम्हाला हे पाठ करायला लावायचे, आणि गुरुजी माझ्याकडे बघायचे. आणि दरवर्षी झेंडा अर्ध्यावर गेला की कलोलो म्हातारा बायका नेसतात ते कापड, कांगा, कमरेला गुंडाळून गर्दीतून धावत येतो, "चोर, चोर, माझ्या आईचं कापड खांबावर." सगळं गाव हसतं. सगळ्यात मोठ्याने बाबू.

मला कधी हसू आलं नाही. आता वॉर्डाचे अध्यक्ष चौकाला बाबूंचं नाव देणार म्हणतात. तिथेही हा म्हातारा असाच नाचणार.

कलोलो गेल्यावर बाबू म्हणाले, "आलक्वीन, मी गेल्यावर त्याला अडवू नकोस. त्याला काय करायचं ते करू दे."

मी हो म्हणालो. आजारी माणसाला हो म्हणतात.

२९ ऑक्टोबर

बाबू गेले. पहाटे. शांगाझी, म्हणजे माझी आत्या, त्यांचे पाय चोळत होती, तिला कळलंच नाही.

३० ऑक्टोबर

मी कलोलोंना मारलं.

३१ ऑक्टोबर

काल एवढंच लिहिता आलं. आज सगळं लिहितो. नाही लिहिलं तर उद्यापर्यंत मी ते माझ्या सोयीचं करून ठेवीन.

मतानी सकाळीच आले होते. नियमाप्रमाणे. खड्डा त्यांनीच खणला. स्कोला बाबूंचा कोट आणि हॅट घालून, काठी टेकत अंगणभर फिरली. बाबूंसारखी खोकली. बाबूंसारखंच ओरडली, "माझा चहा कुठंय, साखर मोजून का टाकता, मी झेंडा चढवलाय." रडणाऱ्या बायका रडता रडता हसल्या. शांगाझीसुद्धा. मीही हसलो. हे लिहून ठेवतो, की मीही हसलो होतो.

मग अध्यक्षांची गाडी आली. त्यांनी शवपेटीवर राष्ट्रध्वज पांघरला. फोटो काढणारा माणूस होता. फादरांची प्रार्थना झाली. पेटी खड्ड्याकडे निघाली, तेव्हा कलोलो मधे आले, झेंडा खसकन ओढून घेतला आणि कमरेला गुंडाळला.

"हा बघा चोर," ते म्हणाले. "स्वतः पांघरूण घेऊन निघालाय. माझी आई उघडी झोपलीय, आणि हा बघा कसा ऊबदार."

मतानी हसले. आमची माणसं हसली. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुटुंबातला शिकलेला माणूस म्हणून माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. कलोलो खड्ड्यात उतरले, आडवे झाले आणि म्हणाले, "मी नाही उठणार. आधी कापड दे."

मी खड्ड्यात उडी मारली. गळपट्टी धरून त्यांना उठवलं आणि तोंडावर मारली. थप्पड नाही. मूठ.

म्हातारा मातीच्या भिंतीला टेकला. ओठातून रक्त आलं. रागावले नाहीत. माझ्याकडे असं बघत राहिले, की मी कोण हे त्यांना आठवत नाहीये. मग त्यांनी झेंडा सोडला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला. स्कोलाच्या डोक्यावर अजून बाबूंची हॅट होती. तिने ती काढून शांगाझीच्या मांडीवर ठेवली.

मतान्यांनी फावडी तिथेच टाकली आणि गेले. माती आमच्याच लोकांनी लोटली, एकमेकांकडे न बघता. आम्हाला ती धड लोटता आली नाही. आम्हाला सवयच नाही.

५ नोव्हेंबर

कलोलो रस्त्यात भेटले. ओठ अजून सुजलेला. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता शिव्या देतील, काठी घालतील. घालावी.

ते थांबले. म्हणाले, "नमस्कार, आलक्वीन. आपण बरे आहात ना? घरचे सगळे ठीक?"

"आपण." मला त्यांनी आजवर तरसाचं पिल्लू, फुटका माठ, अर्धी पदवी, काय काय म्हटलंय. मी कसाबसा म्हणालो, "ठीक आहे, बाबू."

"देवाची कृपा," म्हणाले, आणि गेले.

घरी येऊन शांगाझीला सांगितलं. ती भाजी चिरत होती. ती म्हणाली, "सगळ्यांचं तसंच चाललंय. पीठगिरणीवर मतान्यांच्या बायका मला रांगेत पुढे सोडतात. 'आधी तुम्ही घ्या, ताई.' चाळीस वर्षं त्यांनी माझी टोपली लाथेने मागे सारलीय." सुरी खाली ठेवून म्हणाली, "चाळिसाव्या दिवशी सुतकाची राख कोण झाडणार? मतानी आल्याशिवाय मला हे घर उघडता येत नाही. बाबूंना मोकळं कोण करणार, तू?"

११ नोव्हेंबर

स्कोला बाजारातून घरी निघाली होती. मी मोटरसायकल तिच्यापुढे उभी केली. ती बसली. उतारावर तिने माझा खांदा धरला नाही, मागची दांडी धरली. वाटभर एकही शिवी नाही.

उतरल्यावर म्हणाली, "भाडं किती झालं, दादा?"

मी म्हणालो, "स्कोला, शिवी दे. थुंक. काहीही कर."

"कशासाठी?"

"तू माझी बायको आहेस."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर राग दिसला, खराखुरा. "आलक्वीन, मी फादरांच्या स्वयंपाक्यालाही नवरोबा म्हणते. तुझ्या चुलत्याला म्हणायचे, त्याला दात नव्हते तरी. तुझ्या बाबूंना तर मी पाच वर्षांची असल्यापासून म्हणतेय. ती आमची रीत आहे, आणि तुमचीही. तू काय समजलास?"

"पण जूनमध्ये तू निरोप पाठवलास, की…"

"तो मी लिकोंगाच्या सगळ्या पोरांना पाठवला होता. जे जे दार-ए-सलामला होते त्यांना." मग हळूच, "तू परीक्षा सोडून आलास, ते त्याच्यासाठी?"

तिने तोंडावर हात ठेवला. तिला हसू आलं होतं की रडू, ते मला कळलं नाही. भाडं माझ्या सीटवर ठेवून ती आत गेली.

एका घरच्या थट्टेवर मी कॉलेज सोडलं, आणि त्याच घरच्या थट्टेवर म्हाताऱ्याचा ओठ फोडला. आज जेवलो नाही. शांगाझीने विचारलं नाही.

१८ नोव्हेंबर

शेवटी कलोलोंकडे गेलो. बरोबर एक बोकड नेला. त्यांनी खुर्ची पुसून दिली. मला खुर्ची. स्वतः बाकावर बसले.

"कशाला एवढा त्रास घेतलात," बोकडाकडे बघून म्हणाले.

मी गुडघ्यावर बसलो आणि माफी मागितली. ते म्हणाले, "माफ केलं." मी वाट बघत राहिलो. तेवढंच होतं. मला वाटलं होतं, माफी मिळाली की सगळं पूर्वीसारखं होतं. माफी तर परक्या माणसालाही मिळते.

मी विचारलं, "बाबू, ते कापड. खरंच काही होतं का?"

मग त्यांनी सांगितलं. अगदी अदबीने, कचेरीत सांगावं तसं.

"आपल्या आजोबांकडे झेंडा नव्हता. झेंड्याचा ट्रक पलीकडे नदीच्या चिखलात रुतला होता. चौकात आसपासच्या गावची माणसं जमली होती, मोठा साहेब येणार होता. आणि त्याच दिवशी दुपारी माझी आई गेली होती. मी सोळा वर्षांचा. आईवर तिचा कांगा पांघरला होता. हिरवा, मधे काळा पट्टा, कडेला पिवळी रेघ, नव्या झेंड्याचेच रंग. आपले आजोबा मयताला आले. त्यांनी कापड पाहिलं. मी त्यांना पाहताना पाहिलं."

"त्यांनी चोरलं?"

"मी दिलं. मीच ओढून काढलं तिच्या अंगावरून. मलाही झेंडा बघायचा होता. ते म्हणाले, उजाडता पुरायच्या आधी परत आणून देतो. म्हणून तर मध्यरात्रीपर्यंत थांबता आलं नाही. म्हणून लवकर चढवला, म्हणजे लवकर उतरवता येईल. ते शौर्य वगैरे नव्हतं. घाई होती."

"मग?"

"साहेबाला झेंडा फार आवडला. आठवण म्हणून गाडीत घालून घेऊन गेला. आपले आजोबा त्याच्या गाडीमागे धावले. मी पाहिलं ते. गाडी थांबली नाही. सकाळी आम्ही आईला चटईत गुंडाळून पुरलं."

कोंबडी आत आली, ती त्यांनी हुसकली.

"पुढच्या वर्षी गावाने सण केला. आपल्या आजोबांना खांबापाशी उभं केलं. त्यांना खरं सांगायचं होतं. पण ते कचेरीतले, आणि पोरं टाळ्या वाजवत होती. रात्रभर आमच्याकडे बसून राहिले. म्हणाले, कलोलो, मला बोलता येत नाही, तू बोल. तू मतानी आहेस, तुझ्यावर कोणी रागावू शकत नाही. दरवर्षी सगळ्यांसमोर मला चोर म्हण. मी वचन दिलं. ते दरवर्षी हसायचे, मग इथे यायचे, आपण बसलात त्याच खुर्चीत बसायचे. मी ताडी ओतायचो. मयताच्या दिवशी मी आमचा शब्द शेवटचा पाळत होतो."

त्यांनी मला फाटकापर्यंत पोचवलं. म्हणाले, "जपून जा. उतारावर खडी आहे."

१९ नोव्हेंबर

बाबूंनी माझा हात धरला होता. सांगितलं होतं, अडवू नकोस. मी हो म्हणालो होतो.

२७ नोव्हेंबर

अध्यक्ष घरी आले. चाळिसावा आणि पहिल्या झेंड्याची संध्याकाळ या वर्षी एकाच दिवशी येतेय, तेव्हा झेंडा मी चढवायचा, आणि भाषणही मी करायचं. जाताना म्हणाले, "तो म्हातारा या वर्षी गोंधळ घालणार नाही. तू त्याला चांगला धडा शिकवलास."

मी त्यांना गाडीपर्यंत पोचवलं नाही.

मी ठरवलं, माइकवर सगळं खरं सांगून टाकतो. ट्रक, चिखल, साहेब, चटई. शांगाझीला सांगितलं तर ती चुलीपुढून उठली.

"आणि कलोलोची आई? तिच्या अंगावरचं मुलाने ओढलं, हे तू शाळेच्या पोरांना माइकवर सांगणार? ते तुझं आहे का सांगायला?"

"मग खोटं बोलू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय करू?"

"मला काय विचारतोस. मारताना विचारलं होतंस?"

८ डिसेंबर

जे झालं ते लिहितो.

चौक भरलेला. पावसाची भुरभुर. मतानी आले होते, पण एका बाजूला, चर्चला घालतात ते कपडे घालून, हात बांधून, पाहुण्यांसारखे. कलोलो पुढच्या खुर्चीवर. स्कोला त्यांच्या मागे. अध्यक्षांनी बाबूंवर बोलून घेतलं, धीर, धाडस, आणि माझ्या हातात दोरी दिली.

मी झेंडा ओढायला लागलो. अर्ध्यावर आल्यावर माझे हात थांबले. इथे आरोळी येते. जन्मभर इथे आरोळी आली. इतकं शांत होतं की खांबावर कडी वाजत होती, ती ऐकू येत होती.

मी खोटं बोलू शकत नव्हतो, आणि खरं माझं नव्हतं. मग मी दोरी खांबाला बांधली, शांगाझीच्या अंगावरून तिचा कांगा घेतला, कमरेला गुंडाळला आणि ओरडलो, "चोर. चोर. माझ्या… त्यांच्या आईचं कापड."

कोणी हसलं नाही. माझा आवाज फाटला. मी नाचायचा प्रयत्न केला, कांग्यात पाय अडकला आणि गुडघ्यावर पडलो. पुन्हा उठून म्हणालो, "माझे बाबू चोर." गर्दीतलं एक मूल रडायला लागलं. अध्यक्ष उठून उभे राहिले. मला तेव्हाच मरून जावंसं वाटलं. सगळं गाव मला बघत होतं आणि मी स्वतःच्या घराला शिव्या घालत होतो, आणि ते तर कोणालाच करता येत नाही. आपल्या घराला मतान्याने शिव्या द्यायच्या असतात.

"बस कर, गाढवा."

कलोलो उठले होते. "अरे शेणाच्या गोळ्या, कांगा असा बांधतात? गाठ पुढे? तू बाळंतीण आहेस का?" काठी टेकत माझ्यापर्यंत आले. मी हललो नाही. "आणि चोर असं म्हणतात? आमच्या कोंबड्या तुझ्यापेक्षा मोठ्याने बोंबलतात. साठ वर्षं मी हे काम केलं आणि हा अर्धी पदवी माझ्या पोटावर पाय द्यायला निघालाय. काढ ते."

त्यांनी माझ्या कमरेचा कांगा ओढून काढला, स्वतः गुंडाळला, वर बघितलं आणि ओरडले. त्यांचा आवाज तसा नव्हता आता. म्हातारा आवाज होता. पण गाव हसलं. मागून मतान्यांच्या बायका तोंडावर हात मारत धावत आल्या, कोणीतरी चिखल फेकला, तो अध्यक्षांच्या कोटावर बसला. स्कोला अध्यक्षांना म्हणाली, "राहू द्या, नवरोबा, मी धुऊन देते."

मी झेंडा वरपर्यंत नेला. मला काही दिसत नव्हतं.

मग ते सगळे आमच्या घरी आले, राख झाडली, शांगाझीचं मडकं रिकामं केलं, आणि तिच्या टोपलीला जाता जाता लाथ मारली. ती किती रडली.

१० डिसेंबर

काल मतान्यांबरोबर बाबूंच्या थडग्यावर गेलो. माती बसली होती, एका बाजूला खड्डा पडला होता. "हे न्गोन्यांचं काम," कलोलो म्हणाले, आणि फावडं माझ्याकडे फेकलं. ते उकरतील तशी मी माती लोटत गेलो. त्यांच्या ओठावर पांढरा व्रण आहे. तो आता जाणार नाही. मी दिवसभर तिकडे न बघायचा प्रयत्न केला.

स्कोला पुढच्या महिन्यात इरिंगाला जातेय, नर्सिंगला. मला ते तिने नाही, टोमॅटोवालीने सांगितलं. स्टँडवर सोडू का, मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सोड. पण तोंड बंद ठेव, आणि भाडं मी देणार." नवरोबा म्हणाली नाही. पुन्हा कधी म्हणेल असं वाटत नाही. बरोबर आहे तिचं.

निघताना कलोलोंनी मला थांबवलं. म्हणाले, "पुढच्या वर्षी मी असेन नसेन. नसलो तर स्कोलाचा भाऊ ओरडेल. पण खांबापाशी तूच उभा राहणार. तुझ्या आजोबाचं काम होतं ते, आणि माझ्यापेक्षा अवघड. मी चोर म्हणायचो. त्याला हसावं लागायचं. सगळ्यात मोठ्याने. जमेल का रे, तरसाच्या पिल्ला?"

मी म्हणालो, जमेल.

आज दार लावून खोलीत करून बघतोय. पोटातून हवा येते, पण हसू म्हणून बाहेर पडत नाही. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने केलं, तर शांगाझीने आतून विचारलं, पोट दुखतंय का.